तणमहाराजांचं तीर्थ

त्या सकाळी डिंगोऱ्यात सावळारामच्या शेतात मक्यापेक्षा माणसंच दाट दिसत होती. कारणही तसंच होतं. मका हिरवागार उभा आणि ओळींमधलं तण सगळं जळालेलं. खुरपं नाही, मजूर नाही; फक्त तणमहाराजांच्या बाटलीतलं तीर्थ पंपातून फवारलेलं.

महाराज बांधावर खुर्ची टाकून बसले होते. "आमचं तीर्थ पुण्यवान पिकाला हात लावत नाही आणि पापी तणाला सोडत नाही!"

"मग शेजारचं माजं कांद्याचं रोप का जळालं, महाराज?" दादाभाऊनं विचारलं.

"कांदा तामसी असतो, बेटा."

दादाभाऊ वरमला. अख्खा जुन्नर तालुका ज्या तामसी पिकावर पोरींची लग्नं लावतो, त्याच्या बाजूनं बोलायला कुणीच पुढं आलं नाही.

पुढं आली ती सावळारामची बायको, साळुबाई. तिच्या छातीत लहानशी गाठ होती आणि पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती.

"महाराज, तण मुळासकट जातं, तर माजी गाठ जाईल का वो?"

महाराजांनी डोळे मिटले. पुण्याईचा हिशेब लागायला वेळ लागतो म्हणे. "रोज सकाळी चमचाभर घे. पण शस्त्र लावू नकोस. तीर्थ रुसतं."

तारीख गेली. साळुबाई रोज चमचाभर तीर्थ घेई आणि ते पायदळी येऊ नये म्हणून वाटीत उरलेलं तुळशीला घाली. तुळस वाळली. दुसरी लावली, तीही वाळली.

"तुळशीमाईनं माजी पिडा सोतावर घेतली," ती मला, शेजारच्या अण्णाला, कौतुकानं सांगायची.

बाळंतपणाला माहेरी गेलेली सून वैजयंती काही महिन्यांनी परतली. ती आळे गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. अंगणातली वाळकी काडी बघून तिनं विचारलं, "आत्या, तुळसपण तामसी असते का?"

तिनं दोन कुंड्यांत मका लावला, त्यातच तण उगवू दिलं. एकीवर दुकानातलं तणनाशक फवारलं, बाटलीवर छापलेल्या मात्रेच्या निम्मं. दुसरीवर तीर्थ. आठवड्यानं दोन्ही कुंड्या पारावर ठेवल्या. महाराजांनाही बोलावलं. दोन्हींत मका टवटवीत, तण मेलेलं.

"यात चमत्कार नाही," ती म्हणाली. "हे मक्याचंच तणनाशक आहे. मका ते अंगात जिरवतो. कांद्याला, तुळशीला ते जिरत नाही. आणि तण दोन-तीन पानांचं असलं की निम्म्या औषधानंही मरतं. महाराज तेवढंच पाण्यात मिसळून देतात." तिनं पेला भरला. "तीर्थच असेल, तर घ्या महाराज."

"आज आमचा उपवास आहे."

"उपासाला तीर्थ चालतं की वो!" दादाभाऊ ओरडला.

महाराज पाराच्या मागच्या बाजूनं उतरले, ते थेट गाडीत बसले. लोक पोट धरून हसले.

सावळाराम हसला नाही. "पोरी, म्हंजी तण ल्हान असतानाच मरतं?"

"हो, मामा."

"मोटं झालं की?"

"मग निम्म्यानं भागत नाही."

"आन् गाठ?"

वैजयंती पारावरून उतरली. ती सासूची पिशवी भरायला घरात गेली.

पुण्यात डॉक्टर म्हणाले, आता पसरलंय. तीर्थ पातळ होतं, त्यानं साळुबाई मेली नाही. ती गेली वाया घालवलेल्या महिन्यांमुळे, होळीच्या आधी.

बाबांनो, मक्यातलं तण कोवळं असताना मारा, कृषी सहायकाला विचारून कमी औषधात मारा, उरलेलं कोळप्यानं काढा. बाटलीत काय आहे हे जो सांगत नाही, त्याची बाटली घेऊ नका. आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख कुणाच्याही सांगण्यावरून मोडू नका.

यंदा सावळारामच्या मक्यात तण माजलंय. मी पंप देऊ केला. "ऱ्हाऊ द्या, अण्णा," म्हणाला. खुरपं घेऊन एकटाच बसतो. नवरा-बायको शेजारी शेजारी एकेका ओळीची पात धरून खुरपायचे. आता तो आपली पात खुरपत पुढं सरकतो. शेजारची तशीच सोडतो.