घरात केस फक्त पेशंटला

माझ्या धाकट्या दिराचं केस कापायचं दुकान आहे, आणि तो कुठलंही काम वेळेवर करत नाही, वेळेआधी करतो. गिऱ्हाईक खुर्चीत नीट टेकायच्या आत त्याच्या गळ्याभोवती कापड आवळलेलं असतं. हा गुण त्याच्या एकट्याचा नाही, अख्ख्या घराचा आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. आमच्याकडे नवरा, सासरा, दीर, नणंद सगळेच उतावळे.

माझ्या आतड्यात कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि आता केमो द्यायची असं ठरलं. त्याच आठवड्यातल्या सुट्टीच्या सकाळी दीर मशीन घेऊन घरी हजर. स्वयंपाकघरात मधोमध खुर्ची मांडली, खाली जुने पेपर अंथरले.

"वहिनी, तुमचे केस जाणार. तुम्हाला एकटं वाटायला नको. चला, कोण पहिलं?"

पहिला माझा नवरा बसला. मग नवऱ्यानं दिराची भादरली, आणि त्याच्या कानामागे दोन पुंजके तसेच राहिले ते राहिलेच. सासऱ्यांच्या डोक्यावर मुळात चारच केस. "मी सीनियर आहे, मला परीक्षा माफ," असं म्हणत तेही बसले. पंधरा वर्षांची माझी लेक म्हणाली, "आई, मलाही करायचंय." मी नको नको म्हणत होते तोवर तिचे निम्मे केस खाली पडलेसुद्धा.

शेवटी उठल्या त्या माझ्या मोठ्या नणंदबाई, आमच्या ताई. ताई एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनला बसतात. लग्न केलं नाही, दागिने आवडत नाहीत. आयुष्यात हौस केली ती कमरेखाली येणाऱ्या केसांची. माझं आणि त्यांचं कधी फारसं जमलं नाही, हेही सांगून टाकते. त्या खुर्चीत बसल्या आणि दिराचा हात पहिल्यांदाच थांबला.

"काप रे," ताई म्हणाल्या. "वेणी घालण्यात रोज माझी पाऊण तास झोप जाते."

मी हसत होते आणि रडत होते. डोळे पुसून मी खुर्चीत जाऊन बसले, तर दिरानं मशीन बंद केलं. "तुमचे आत्ता नको, वहिनी. गळायला लागले की मग."

दोन दिवसांनी सगळी वरात डॉक्टरांच्या खोलीत. डॉक्टरांनी एकेका डोक्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, "पेशंट कोण?"

मी हात वर केला.

"तुमच्या औषधानं केस फारसे जात नाहीत," डॉक्टर म्हणाले. "थोडे विरळ होतील, तेही झाले तर. तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. मग सासरे खाकरले. "आमच्या सुनेच्या केसालाही धक्का लागू देणार नाही, असं मी बोललोच होतो." आणि सगळे जे हसत सुटले, ते बाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू गेलं.

त्या हसण्यातच डॉक्टरांनी कामाचं सांगितलं. हे औषध बोटांच्या नसा धरतं. गार वस्तूला हात लावायचा नाही, गार पाणी प्यायचं नाही. मुंग्या आल्या, बोटं बधिर वाटली, तर लगेच कळवायचं. वेळेत कळलं तर डोस कमी करता येतो, नाहीतर बोटं कायमची तशीच राहू शकतात. "तुम्ही काय काम करता?" त्यांनी विचारलं. मी शिंप्याच्या दुकानात कोटांना हातानं काजं करते. बटणासाठी चीर द्यायची आणि तिच्या कडेनं दाट टाके घालत जायचं, एकाला एक चिकटून. मशीनला ते तसं जमत नाही म्हणूनच आमचे मास्तर मला सोडत नाहीत. "मग तर नक्कीच सांगायचं," डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली.

पहिल्या फेऱ्या मजेत गेल्या, असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे मी बादलीत तोंड घालून बसायचे आणि नवरा पाठीवरून हात फिरवत बादलीशी गप्पा मारायचा. वॉर्डात एकदा सिस्टर सुई घेऊन सरळ नवऱ्याकडेच गेली. त्यानंही बाही वर केली. शेजारच्या बाईंनी सासऱ्यांना विचारलं, "तुम्हाला कसला?" ते म्हणाले, "मला म्हातारपणाचा. शेवटच्या स्टेजला आहे." अख्खा वॉर्ड हसला. मीही हसले, माझी जाड वेणी खुर्चीच्या पाठीमागे लोंबत असताना. माझ्या आजूबाजूच्या बायकांना भुवयाही नव्हत्या. मी वेणी ओढून पदराखाली लपवली आणि नंतर दर वेळी स्कार्फ बांधून जायला लागले.

बाहेरही तेच. ताईंना हॉटेलात लोक येऊन धीर द्यायला लागले. एकानं तर फुलं आणून दिली. "लवकर बऱ्या व्हा," म्हणाला, आणि ताई म्हणाल्या, "प्रयत्न चालू आहे." हे त्या घरी येऊन आम्हाला नकलेसकट सांगत. पण त्यांच्या साहेबांनी त्यांना पुढच्या टेबलावरून उठवून आतल्या फोनवर बसवलं, हे त्यांनी नाही सांगितलं. ते मला नवऱ्याकडून कळलं. लेकीच्या वर्गातली मुलं तिला 'बल्ब' म्हणायची, ते तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजारी मी, आणि नुकसान सगळं त्यांचं. आरशासमोर केस विंचरताना मी मोरीचं दार लावून घ्यायचे. फणीत चार केस जास्त आले तर, देवाशपथ, बरं वाटायचं. एकदा मी दिराला म्हटलंही, "भाऊजी, माझीही करून टाका ना." तो दचकलाच. "वेड्या का काय! घरात एक तरी डोकं शोभेचं राहू दे." सगळे हसले.

मुंग्या तिसऱ्या फेरीनंतर सुरू झाल्या. आधी फ्रिजच्या दाराला हात लावला की, मग भांडी घासताना, मग उगाच. नंतर मुंग्याही गेल्या आणि बोटांच्या टोकांना जाड कापड गुंडाळल्यासारखं झालं. सांगणार होते. रोज सांगणार होते. पण ताई स्कार्फ सारखा करत समोर यायच्या आणि मी भलतंच काहीतरी विचारायचे. माझ्यासाठी ह्या माणसांनी डोकी भादरली, आणि मी, केस असलेली, आता बोटांचं रडगाणं गाणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "बोटं कशी आहेत?"

"मोजली आजच. दहाच्या दहा आहेत," मी म्हणायचे. डॉक्टर हसायचे. घरचे तर फिदीफिदी. आमच्या घरात विनोद जमला की पुढचं कोणी विचारत नाही.

पाचव्या फेरीच्या दिवशी मी सकाळी दुकानात गेले होते. मास्तरांचा एक फिकट राखाडी कोट अडला होता, तीनच काजं राहिली होती. दुपारी ताई मला दवाखान्यात न्यायला आल्या. मास्तरांनी त्यांना स्टूल दिलं. मी खाली मान घालून टाके घालत होते. हाताला काही कळत नव्हतं म्हणून सगळा कारभार डोळ्यांवर चालला होता, आणि ताईंशी बोलायला मी मान वर केली तेवढाच काय तो वेळ.

"अगं!" ताई ओरडल्या. "अगं, बोट शिवलंयस तू!"

मी खाली पाहिलं. सुई माझ्या बोटाच्या टोकातून आरपार गेली होती. बोट काजाला टाचलं गेलं होतं आणि फिकट कापडावर लाल डाग पसरत होता. मला काहीही दुखत नव्हतं.

"मास्तर, ह्या कोटाला आता माणूसही फुकट," मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. मास्तर कापूस शोधायला धावले. ताईंनी माझं मनगट धरलं, सुई हळूच ओढून काढली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी साधं हायसुद्धा केलं नव्हतं.

"कधीपासून?"

मी कोटावरचा डाग पुसायला लागले.

"कधीपासून, विचारतेय मी."

"तिसऱ्या फेरीपासून," मी म्हणाले. "कुठल्या तोंडानं सांगू, ताई? तुमचे केस गेले. तुमची जागा गेली. माझं तर सगळं डोक्यावर जागच्या जागी आहे."

ताईंचा चेहरा पडला. आधी मला वाटलं त्या रागावल्या. मग दिसलं की त्या ओशाळल्या आहेत, माझ्यापेक्षा जास्त. "मी केस कापले ते काय तुझं तोंड बंद करायला?" एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी घरी फोन लावला.

म्हणून त्या दिवशी पुन्हा सगळेच डॉक्टरांच्या खोलीत. सगळ्यांच्या डोक्यावर आता बोटभर केस उगवले होते. ताईंनीच सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. "डोळे मिटा. कोणत्या बोटाला मी कापूस लावतोय ते सांगा."

डोळे मिटले, आणि इतकी शोभा झाल्यावरही माझी खोड गेली नाही. डॉक्टर अंगठ्यापासून सुरुवात करणार, हे कोणीही ओळखेल.

"अंगठा," मी म्हणाले. थोडं थांबून, "त्याच्या शेजारचं." मग, "मधलं."

"अहो," डॉक्टर म्हणाले, "मी अजून ड्रॉवरमध्ये कापूस शोधतोय."

ज्या घरात बादलीवरसुद्धा विनोद झाले त्या घराला ह्याच्यावर एक विनोद सुचला नाही. माझे कान तापले. डोळे उघडले तर सगळे दिसतील, म्हणून मी ते अजून घट्ट मिटले. डॉक्टरांनी खरोखर सुरुवात केली. "आता?" "नाही कळत." "आता?" "नाही." दोन्ही हात झाले. मी एकदाही खोटं बोलले नाही, आणि खरं बोलायची एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डॉक्टर नवऱ्याशी बोलायला लागले. हे औषध आजपासून बंद, दुसरं चालू ठेवू. बोटं परत येतील का? काहींची वर्षभरात येतात, काहींची नाही. काजं करता येतील असं आज सांगता येणार नाही. "दोन फेऱ्या आधी कळलं असतं तर..." ते म्हणाले आणि थांबले. दिराचा आवाज आला, "आम्हीच कधी धड विचारलं नाही, डॉक्टर." सासऱ्यांनी नाक ओढलं. मी डोळे मिटूनच बसले होते, हात टेबलावर पसरलेले.

"झालं ना तपासून?" मी विचारलं. "हात घेऊ का मागे?"

"आई," लेकीचा आवाज अगदी कानाशी आला. "डॉक्टर कधीच उठून गेले तिकडे. तुझं बोट मी धरलंय. केव्हाची दाबतेय."