मुकादमाची गादी

गावातल्या निम्म्या लोकांच्या पाठी आपण सरळ ठेवल्या आहेत, असं गादीवाले छातीठोकपणे सांगत. उरलेल्या निम्म्यांनी गादी दुसरीकडून घेतली, त्याला आपण काय करणार, असंही वर जोडत. अशा माणसाचा कुत्रा फरशीवर झोपत होता.

कुत्र्याचं नाव मुकादम. चौदा वर्षं दुकानात बसून त्याने काडीचं काम न करता सगळ्यांच्या कामावर लक्ष ठेवलं होतं, म्हणून ते नाव पडलं. आता त्याचे मागचे पाय आखडले होते. उठायचं म्हटलं की आधी पुढचा मुकादम उठे आणि बऱ्याच वेळाने मागचा. डॉक्टरीणबाईंनी सांधे चाचपले आणि स्पष्टच सांगितलं, की फरशीवर एक गोणपाट टाकून हा असाच झोपत राहिला तर थंडी संपेपर्यंत त्याचं उठणंच बंद होईल. गादीवाल्यांनी ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्यांची छाती पुन्हा फुगली. गादी म्हणजे तर त्यांच्या डाव्या हातचा मळ.

त्यांनी टेपने मुकादमाची मापं घेतली. उभ्याची, आडव्याची आणि वेटोळं घातलेल्याची. पहिली गादी कापसाची केली. मुकादमाने ती लांबूनच हुंगली आणि टेबलाखालच्या आपल्या गोणपाटावर जाऊन पडला. फार मऊ झाली असेल म्हणून दुसरी काथ्याची केली. तिच्याकडे त्याने पाठ फिरवली. तिसरी उंची फोमची, कडेला उशी लावलेली. तिला वळसा घालताना तर तो भिंतीला अंग घासत गेला.

आता गादीवाल्यांचं डोकं फिरलं. या गाढवाला करूनच दाखवतो म्हणत ते चारी हातापायांवर फोमच्या गादीवर चढले, दोनदा गोल फिरले, अंगाचं मुटकुळं केलं आणि घोरू लागले. तेवढ्यात उशी घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक दारात थबकलं, आल्या पावली परत गेलं. मुकादम मात्र लंगडत पुढे आला, त्याने मालकांची बाही दातांत धरली आणि जोर लावून ओढायला सुरुवात केली.

शिलाई मशीनवर बसलेल्या बायकोला हसू आवरेना.

"अहो, तो तुम्हाला खाली उतरवतोय."

"का म्हणून?"

"'गादीवरून खाली' म्हणून त्याच्यावर कोण ओरडलं होतं? चौदा वर्षं या घरात तुमचं ऐकलंय ते फक्त त्यानेच."

गादीवाल्यांना ते आठवलं. मुकादम पिल्लू असताना चिखलाच्या पायांनी नव्याकोऱ्या गादीवर चढला होता आणि त्यांनी त्याच्यावर कापडाचा तागा फेकला होता. त्यानंतर त्याने गादीला कधी पंजा लावला नाही. आमच्या मालात केस सापडायचा नाही, असं ते गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत. त्या अभिमानाची आता त्यांना लाज वाटली.

ते खाली उतरले. "वर ये रे, वर ये," हे त्यांनी दहा प्रकारे म्हणून पाहिलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी टेबलाखालचं कळकट गोणपाट ओढून काढलं आणि त्याचीच खोळ करून फोमच्या गादीवर चढवली. बायकोने नाक मुरडलं. गादीवाल्यांनी ती स्वतःच्या हाताने शिवली, टाके वेडेवाकडे आले तरी उसवले नाहीत, आणि गादी टेबलाखाली जुन्या जागी सरकवली.

मुकादमाने हुंगलं. वास आपलाच होता. त्याने एक पंजा ठेवला, पंजा आत रुतला, आणि तो तिथेच थांबला. मान वर करून तो मालकांकडे बघू लागला. आता ओरडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गादीवाले झटकन पाठमोरे झाले आणि कात्री शोधायला लागले. कात्री त्यांच्या हातातच होती, तरी ते बराच वेळ शोधत राहिले. मागे आधी पुढचा मुकादम बसला आणि लगेचच मागचाही.