टीव्ही पार्कातली सासू

"चांगुणाबाई, तुमी जरा मागं सरा," म्हणत शेजारच्या जिवनबाईंनी ओवाळणीचं ताट तिच्या हातातून काढून घेतलं. "शेषराव असते तर गोष्ट येगळी होती. सवाष्णीनंच ओवाळायचं असतंय."

दारात वरात थांबलेली, उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. आणि नवरदेवाची सख्खी आई रिकाम्या हातांनी भिंतीला टेकून उभी! माझं डोकंच सणकलं. अहो, माप ओलांडून घ्यावं तर या बाईनंच.

कुरुंद्याजवळ टीव्ही पार्क होतं तेव्हा चांगुणा, तिचा नवरा शेषराव आणि मी तिथं कामाला होतो. पत्र्याच्या शेडमध्ये खोटं कोर्ट, खोटं पोलीस ठाणं, खोटं सासर. तिकीट काढून आलेल्यांनी हौसेनं नाटक करायचं, शेषरावनं ते कॅमेऱ्यात घ्यायचं आणि मग मोठ्या टीव्हीवर बघून सगळ्यांनी पोट धरून हसायचं. मी इन्स्पेक्टर. हट्टा गावचे एक गुरुजी दर दिवाळीला बायकोसमोर माझ्याकडून बेड्या घालून घ्यायचे, काय खूश व्हायचे!

चांगुणा सासू. सहली आल्या की नवरी व्हायला पोरींची झुंबड उडायची. ही डोळे वटारायची, "उजवा पाय, बाई! डाव्यानं काय फुटबॉल खेळून राहिली?" माप कलंडलं तरी वाट अडवून उभी राहायची. कॅमेऱ्यामागून शेषराव "ओके!" ओरडला की मगच बाजूला व्हायची.

पुढे ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि पार्काला कुलूप लागलं. शेडमध्ये आता हळदीची पोती आहेत. शेषरावही गेला.

"ताट आत्याबाईंकडं द्या," नवरी सासूकडं बघत अचानक बोलली. राजनंदिनी तिचं नाव. सगळे चपापले.

"पोरी, रीत असतीया," जिवनबाई म्हणाल्या.

"असू द्या की. सातवीत सहलीला आले तवा ह्याच माझ्या सासू झाल्या होत्या. लय रागावल्या होत्या मला. ह्यांनी ओवाळल्याबिगर मी आत येत न्हाई."

"मला पाहून कुठं व्हय म्हणली ती," नवरदेव वैजनाथ म्हणाला, "सासू पाहून म्हणली!"

वरातीत हशा पिकला. मी छाती फुगवून पुढे झालो. "जिवनबाई, ताट देता का अटक करू?"

जिवनबाईंनाही हसू फुटलं. त्यांनी ताट दिलं.

चांगुणानं ओवाळलं. आवाज तोच, पार्कातला. "उजवा पाय, बाई!" माप कलंडलं, तांदूळ घरात पसरले, टाळ्या पडल्या. तरी चांगुणा दारातून हलेना. नजर वरातीच्या मागे कुठंतरी.

"आई, सर की," वैजनाथ म्हणाला.

मला कळलं. मी तोंड उघडलं, पण कॅमेऱ्यामागून ओरडायचा तो शब्द शेषरावचा होता.

"मी म्हणू का, आत्याबाई?" राजनंदिनीनं हळूच विचारलं.

"नगं, बाई." चांगुणानं पदरानं डोळे पुसले. मग आयुष्यात पहिल्यांदाच तिनं स्वतः मोठ्यानं म्हटलं, "ओके!"

आणि ती बाजूला झाली.