खुर्चीचा बिल्ला

जुना तर मी आहेच, मित्रांनो, पण भंगार नाही. ही गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण आयुष्यात एकदा मला भंगार समजलं गेलंय आणि तेव्हा मला भयंकर राग आला होता. मी एक बिल्ला आहे. शर्टाला नाहीतर पदराला टोचायचा, पाठीला पिन असलेला गोल बिल्ला. रंग पिवळा, कडेला जरासा गंज, आणि पोटावर एका साध्या लाकडी खुर्चीचं चित्र. अक्षर म्हणाल तर एकही नाही.

आमची घडण अगदी सोपी. खाली पत्र्याची उथळ वाटी, तिच्यावर छापलेल्या कागदाची चकती, वर काचेसारखा पातळ पापुद्रा आणि सगळ्यांना गच्च धरायला मागून एक कडी. यंत्राचा दांडा खाली आला की खटॅक! मग ही मंडळी एकमेकांना जन्मभर सोडत नाहीत. पिन बसवली की आम्ही बाहेर पडायला तयार. एवढ्याशा जिवावर आमच्या भाऊबंदांनी काय काय मिरवलंय म्हणून सांगू! निवडणुकीला उभ्या राहिलेल्यांचे चेहरे, साबणाच्या वड्या, सायकलींची चाकं, युद्ध थांबवा म्हणणारी कबुतरं. देवाघरी गेलेल्या लेकराचा फोटो बिल्ल्यात घालून वर्षभर छातीशी लावणारी एक आईसुद्धा होती. ज्यांना सभेत कुणी बोलू देत नसे, त्यांनीही बिल्ला लावला आणि रस्त्याने नुसतं चालत गेले. मला माझ्या जमातीचा फार अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म एका छापखान्याच्या मागच्या खोलीत झाला. शाईचा वास, कोपऱ्यात पत्र्याच्या कातरणाचा ढीग आणि यंत्रावर बसलेला एक जाड मिशांचा कारागीर. त्याच्यासमोर रिबीन उभी होती. रिबीन हे तिचं खरं नाव नव्हे. ती कापडापासून चपलांपर्यंत सगळं मिळणाऱ्या एका मोठ्या तीन मजली दुकानात रिबिनी विकायची, आणि त्या दुकानात विक्रीला असलेल्या बायकांना काउंटरच्या नावानेच हाक मारत. ए रिबीन! ए टॉवेल! ए पडदे! माझ्याही कानाला तीच सवय लागली, म्हणून मी तिला रिबीनच म्हणणार.

"चित्राखाली काय छापू?" कारागिराने विचारलं.

"काही नाही. नुसती खुर्ची."

"अहो ताई, मग लोकांना कळणार कसं?"

"ज्यांना कळायला हवं त्यांना कळेल," रिबीन म्हणाली. "आणि ज्यांना कळायला नको, त्यांनी विचारलंच तर म्हणायचं, फर्निचरच्या दुकानाची जाहिरात आहे. रस्त्यात फुकट वाटत होते."

कारागीर मिशीत हसला आणि त्याने दांडा ओढला. असे आम्ही त्रेचाळीस जण जन्मलो. बेचाळीस बायकांना बेचाळीस, आणि एक जास्तीचा.

आता खुर्चीच का, ते ऐका. त्या दुकानात बायकांनी बसायचं नाही असा नियम होता. सकाळी दार उघडल्यापासून रात्री कुलूप लागेपर्यंत उभं राहायचं. गिऱ्हाईक असो वा नसो. बसलेली बाई दिसली की दुकान आळशी वाटतं, असं मालकांचं म्हणणं. मजल्यावर लक्ष ठेवायला एक साहेब होते. त्यांच्या बुटांना लोखंडी नाल होती, म्हणून बायका त्यांना टकटक म्हणत. टकटक ऐकू आली की कोपराने काउंटरला टेकलेलीसुद्धा ताठ व्हायची.

टॉवेलमावशी सगळ्यांत जुन्या. संध्याकाळपर्यंत त्यांचे पाय इतके सुजायचे की घरी गेल्यावर चपलांचे पट्टे कापून काढावे लागत. एकदा भर दुपारी त्या टॉवेलांच्या गठ्ठ्यावर कोसळल्या. टकटक साहेब आले, खाली वाकूनही पाहिलं नाही, आणि म्हणाले, "पडायचंच असेल तर घरी पडा. इथे माल चुरगळतो." रिबीन समोरच होती. तिने मावशींना पाणी पाजलं, गठ्ठा नीट लावला आणि त्याच संध्याकाळी छापखाना गाठला.

मला रिबीनने आपल्या कॉलरच्या आतल्या बाजूला टोचलं. सगळ्याजणींनी तसंच केलं. बाहेरून काही दिसायचं नाही. पण जाता येता एखादी कॉलरवरून हळूच बोट फिरवायची, समोरचीही फिरवायची, आणि दोघींना बरं वाटायचं. महिनाभर हा कारभार चालला.

एकदा मात्र घोटाळा झाला. रिबीनच्या खिशातला जास्तीचा बिल्ला खाली पडला आणि घरंगळत थेट नालेच्या बुटापाशी गेला. माझा तर पापुद्राच थरारला.

"हे काय?" साहेब गरजले.

"जाहिरात आहे साहेब. फर्निचरच्या दुकानाची. रस्त्यात वाटत होते." रिबीनचा आवाज जराही हलला नाही.

साहेबांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला. "छान आहे की!" म्हणाले, आणि स्वतःच्या कोटाला लावला! तेव्हापासून रोज हा गडी खुर्चीचा बिल्ला छातीवर मिरवत बायकांवर डाफरत फिरत होता. बायकांची काय अवस्था झाली असेल, विचारू नका. पडद्यांच्या काउंटरवरची तर पडद्यात तोंड खुपसून हसत होती.

मग सेलचा पहिला दिवस उजाडला. दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात अकराचे ठोके सुरू झाले. रिबीनने कॉलर उलटली. मी उजेडात आलो आणि समोर पाहतो तर काय, मजलाभर पिवळे ठिपके! माझी सगळी भावंडं! आणि अकरावा ठोका संपताच बेचाळीसच्या बेचाळीस बायका जिथे होत्या तिथे, काउंटरमागे, जमिनीवर बसल्या.

गिऱ्हाइकांना वाटलं, बायका गायबच झाल्या. एक जाडजूड बाई काउंटरवरून वाकून म्हणाल्या, "अगं, बरं नाही का तुला?"

"बरी आहे बाई. बसलेय फक्त," रिबीन म्हणाली. "इथे बसायची परवानगी नाही ना, म्हणून."

"म्हणजे? दिवसभर उभ्या?"

"अकरा वर्षं झाली."

त्या बाईंनी मागेपुढे पाहिलं नाही. तरातरा चपलांच्या विभागात गेल्या, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली खुर्ची उचलली आणि काउंटरमागे आणून आपटली. "मला रिबीन हवीय, पण हिने बसून दिली तरच घेईन!" मग काय विचारता! दुसरी बाई धावली, तिसरी धावली. मालक वरच्या मजल्यावरून धावत आले तोवर चपलांच्या विभागात एक खुर्ची उरली नव्हती.

संध्याकाळपर्यंत ठरलं. दोन काउंटरना मिळून एक खुर्ची. बायका रडल्या, हसल्या, टॉवेलमावशींना सगळ्यांत आधी बसवलं. पण टकटक साहेबांची छी थू झाली होती. मालकांसमोर त्यांच्या कोटालाही तोच बिल्ला होता ना! साहेबांनी दरडावून विचारलं, "हे सुरू कुणी केलं?" कुणी तोंड उघडेना. सगळ्यांचीच नोकरी जाईल अशी चिन्हं दिसायला लागली. तेव्हा रिबीन पुढे झाली. "मी केलं." तिला त्याच क्षणी काढून टाकलं.

खुर्ची आली, मित्रांनो, पण रिबीन त्या खुर्चीवर एकदाही बसली नाही. हे सांगताना आजही माझी पिन आखडते.

दुसऱ्या दुकानात हे कळलं असतं तर तिला कुणी उभं केलं नसतं. म्हणून ती गप्प राहिली. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, आणि गप्प राहायची सवयच जडली. मी शिवणकामाच्या डब्यात सुया, रिळं, हुक यांच्या संगतीत पडून राहिलो. मुलीला एवढंच ठाऊक होतं की आई पूर्वी रिबिनी विकायची. एकदा दप्तराचा पट्टा तुटला तेव्हा मी आठवडाभर शाळेतही जाऊन आलो. तेवढीच माझी करमणूक. पुढे मुलीने घर बदललं, आईला सोबत नेलं, आणि सामान आवरताना डबा भंगारवाल्याला देऊन टाकला. तिचा दोष नाही. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

भंगारातून मला उचललं ते बिल्लेकाकांनी. पेशाने चष्मे बनवणारे, पण जीव सगळा बिल्ल्यांत. काय तो माणूस! मऊ सुती फडक्याने हलकेच पुसायचे. पाण्याचा थेंब लागू द्यायचे नाहीत, कारण पाणी कडेतून आत शिरलं की कागदावर डाग पडतो. भिंगातून माझी पाठ, पोट, कड, सगळं तपासायचे. आयुष्यात माझे इतके लाड कधी झाले नव्हते. आणि अशा माणसाने मला जाहिरातींच्या फळीवर लावलं! खाली सुबक अक्षरांत चिठ्ठी: "फर्निचरच्या दुकानाची जाहिरात. दुकानाचा शोध लागलेला नाही."

शोध कसा लागणार? दुकान नव्हतंच! पण मी ओरडणार कशाने? माझ्या शेजारी माझाच एक भाऊ होता, टकटक साहेबांच्या घरून आलेला. "आमचे वडील कापडाच्या तीन मजली दुकानात साहेब होते, तेव्हा हा कोटाला लावायचे, फर्निचरवाल्यांचा आहे," असं त्यांच्या मुलाने काकांना सांगितलं होतं. साहेबांनी आपली फजिती घरी कधी सांगितलीच नव्हती. झालं! काकांना पक्का पुरावा मिळाला. साहेबांना मारलेली थाप इतकी वर्षं टिकून होती, आणि ती थाप आहे हे ठाऊक असलेली माणसं एकेक करून संपत चालली होती.

मागच्या वर्षी काकांनी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत फळ्या मांडल्या. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी काठी टेकत, मुलीचा हात धरून आली. माझ्यासमोर थांबली. रिबीन! तिने मला पाहिलं, चिठ्ठी वाचली, आणि खो खो हसत सुटली.

"अगं बाई! हेसुद्धा फसले!"

"आई, काय झालं?" मुलगी घाबरली. काकाही धावत आले. रिबीनचं हसू थांबलं होतं.

"भाऊ, ही जाहिरात नाही. हा आमचा बिल्ला आहे." आणि तिने सगळं सांगितलं. उभ्याउभ्या.

काका चांगले, पण शास्त्राला धरून चालणारे. "आजी, रागावू नका, पण हा दुसरा पाहा. हा खुद्द त्या साहेबांनी लावलेला. तुमचा बिल्ला ते कसा लावतील?"

"माझ्याच खिशातून पडला तो! म्हटलं, जाहिरात आहे साहेब, रस्त्यात वाटत होते. त्या माणसाला तो आवडला, त्याला मी काय करू?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या भावाकडे. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "वीस वर्षं मी लोकांना खोटं सांगत आलो!" तेवढ्यात रिबीनचे पाय लटपटताना त्यांना दिसले. त्यांनी लगबगीने खुर्ची पुढे केली. "बसा आजी, बसा आधी."

"नाही." काठीवरची बोटं पांढरी पडली होती. "आधी ती चिठ्ठी काढा. मग बसते."

"आई, हट्ट नको करूस गं," मुलगी म्हणाली. पण आईने ऐकलं नाही. काकांनी चिठ्ठी काढली, नवी लिहायला घेतली, आणि विचारलं, "कुणाचं नाव लिहू? तुमचं?"

"आम्ही बेचाळीस होतो."

ती सांगत गेली. काउंटरची नावं नव्हेत, खरी नावं. टॉवेलमावशींचं पहिलं, स्वतःचं सगळ्यांत शेवटी. मध्ये दोनदा अडली, डोळे मिटून आठवलं, पण एकही सोडलं नाही. काकांना तीन चिठ्ठ्या लागल्या. बेचाळिसावं नाव लिहून झालं आणि रिबीन खुर्चीवर बसली. पाठ टेकून, पाय लांब करून, ऐसपैस.

मुलगी तिच्या पायाशी बसली होती. डोळे भरून आले होते. "आई, इतकं सगळं झालं, आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलं नाहीस गं," रिबीन म्हणाली. रागाने नव्हे, साधेपणाने.

म्हणून सांगतो, मित्रांनो. घरात एखादा जुना बिल्ला सापडला तर त्याला पाण्याने धुऊ नका, चकचकीत करायला घासू नका, कोरड्या जागी ठेवा. पण ही काळजी कमी महत्त्वाची. आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे तो घेऊन जा, शेजारी बसा आणि विचारा, हा कुणी लावला होता आणि कशासाठी? आजच विचारा.