तलाव मागच्या बाजूला आहे

मंजुरीची सही झाली, की हर्षवर्धन साहेबांना वरची खुर्ची मिळणार होती, मालिनीला नागपूरची बदली आणि मला काचेची पेटी. मित्रांनो, तिघांत माझीच मागणी लहान होती, हे तुम्हीही मान्य कराल.

मी एका उद्योगनगरीची जुनी प्रतिकृती आहे. लखनौबाहेर चिनहटच्या पुढे पर्यावरण सांभाळणारी कारखान्यांची वसाहत व्हायची होती. तिचं मी टेबलभर रूप. हजरतगंजजवळच्या कचेरीत प्लायचे पातळ थर चिकटवून माझी जमीन घडवली. खरी जमीन जिथे उंच, तिथे मी उंच. जिथे ती खोल, तिथे मीही खोल. मालिनीने स्पंजचे तुकडे हिरव्या रंगात बुडवून माझी झाडं केली. एका कारखान्याची उरलेली वाफ शेजारच्याला द्यायची, वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा फिरवायचं, हे सगळं तिचंच डोकं. हात डिंकाने भरलेले असत, म्हणून आईचा फोन ती स्पीकरवर घेई. आई, म्हणजे बेबीताई, नागपूरला एकटी राहते, गुडघे धरून.

"कधी येतेस गं?"

"सही झाली की लगेच, आई."

खरा तलाव वसाहतीच्या मागच्या बाजूला आहे. तिथे म्हशी डुंबतात, कधी सारसांची जोडी उतरते. पण आमच्या कचेरीची रीत अशी, की पाहुण्याला जे आधी दिसतं ते आधी सजवायचं.

"तालाब गेट पर ले आओ, मालिनी," साहेब म्हणाले. "पीछे कौन देखता है?"

"सर, पण पाणी मागेच जातं."

"अरे यार, नक्शे में तो वहीं जाएगा जहाँ हम भेजेंगे."

साहेब मूळचे साताऱ्याचे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतून.

मग माझ्या दारात निळी काच बसली, कारंजंसुद्धा आलं. मागच्या खोलगट जागेवर सर्वांत मोठा कारखाना चिकटवला गेला.  त्या दिवशी आईचा फोन मालिनीने स्पीकरवर घेतला नाही.

सहीच्या दिवशी वरच्या कार्यालयातून मोठ्या मॅडम आल्या. कारंजं त्यांना आवडलं. पेन उघडता उघडता त्यांनी सहज विचारलं, "बरसात का पानी कहाँ जाएगा?"

"जी, सीधा तालाब में," साहेब म्हणाले.

मालिनीने टेबलावरची पाण्याची बाटली उघडली आणि माझ्या मधल्या रस्त्यावर धार सोडली. पाणी दाराकडे वळलंच नाही. सगळी वसाहत ओलांडून ते मागे गेलं आणि मोठ्या कारखान्याभोवती साचलं. डिंक सुटला. कारखाना हलकेच तरंगू लागला.

"हर्षवर्धन जी, इसमें मछली पालिएगा क्या?" मॅडम म्हणाल्या. पेन मिटलं.

नकाशे परत आले. नव्या आराखड्यात तलाव आपल्या जागी राहिला, कारखाने बाजूला सरकले. तोवर नागपूरची जागा दुसऱ्या कुणाला गेली.

"आई, यंदा नाही गं जमणार," मालिनीने सांगितलं, आणि कारणही सांगितलं. या वेळी फोन स्पीकरवर होता.

 आई म्हणाली, "घरी कधी तांब्याभर पाणी हातात आणून दिलं नाहीस. तिथं साहेबासमोर ओतलंस होय?"

"रागावलीस?"

"पुसलंस का नंतर?"

मालिनीने ओढणीच्या टोकाने माझ्या केव्हाच वाळलेल्या कडा पुसल्या, फार हळू.

आता मी मोडक्या खुर्च्यांमागे असते. मित्रांनो, कुणी तुम्हाला देखणी वसाहत दाखवली, तर दारातच वाहवा करू नका. चार पावलं मागे जाऊन या. तिथे जे असतं ते सांभाळायला कुणीतरी काहीतरी किंमत मोजलेली असते.

इथला हिशेब असा. साहेबांना खुर्ची मिळाली, फक्त उशिरा. माझे थर फुगले, झाडांचा रंग उतरला. मालिनी अजून लखनौतच आहे. आणि नागपुरात बेबीताई कठडा धरून एकटीच जिना चढते. तिने तो तलाव कधी पाहिलेलाही नाही.