गौरीपुढचा दगड

मार्गशीर्षातले ऊन सभ्य असते. ते उंबऱ्याशी थांबते, आत डोकावते, कोणी या म्हटल्यासारखे हळूच ओसरीवर टेकते. शिळेवाडीच्या डोंगरावर ते असे टेकले की तिथला कातळही घटकाभर मवाळ दिसतो. एरवी काळाकभिन्न, कोरडा, निर्विकार कातळ.

निर्विकार तो वरवर. कधीकाळी हा कातळ वाहता अग्नी होता. अग्नी निवताना त्याच्या पोटात बुडबुडे अडकले, बुडबुड्यांत पाणी झिरपले, आणि त्या पाण्याने, कोणी पाहत नसताना, काळोखात स्फटिक विणले. दुधाळ, गुलाबी, हिरवट. पाकळीला पाकळी, कळीला कळी. वरून काळा, आतून फुललेला. माणसांचे बहुधा उलटे असते, पण तो हिशेब पुढे.

या कातळात विहिरी खोदायचा ठेका रंभाजी ढोकण्यांचा. पंचक्रोशीत जिथे जिथे रहाट फिरला, मोटर घुमली, तिथे तिथे रंभाजींच्या सुरुंगाचा आवाज आधी झालेला. पण त्यांचे नाव झाले ते पाण्याने नाही, एका दगडाने.

त्यांच्या स्वतःच्या विहिरीत, लग्नाला जेमतेम वर्ष होत असताना, कातळात एक पोकळी उघडली आणि आतून तो दगड निघाला. खाली मोतिया पाकळ्यांचा भरगच्च गुच्छ, आणि त्या गुच्छातून वर आलेल्या निमुळत्या, जलहरित, पारदर्शक कळ्या. मधली सगळ्यांत उंच, दिवेलागणीच्या ज्योतीसारखी ताठ. कोणी म्हणे कमळ, कोणी म्हणे समई. शिळेवाडीच्या बायकांनी त्याचे नाव ठेवले गौरीची कळी.

कारण भाद्रपदात गौरी आल्या की तो दगड आरास होई. दोन गौरी, दोघींच्या मध्ये पाट, पाटावर खण, खणावर दगड. हळदीकुंकवाला आलेल्या बायका गौरीला वाहिलेल्या अक्षतांतल्या चार त्यालाही वाहत. आणि ओसरीवर बसलेले रंभाजी, येणाऱ्या प्रत्येकाला, पान लावता लावता, तेच वाक्य तितक्याच ताज्या आवाजात ऐकवत: "विहिरीतून वर आला तो हा असा. अखंड. तांदळाएवढा टवका गेला नाही."

अखंड! हा शब्द उच्चारताना त्यांची छाती जरा पुढे येई. काही माणसे घरावर जगतात, काही जमिनीवर. रंभाजी एका विशेषणावर जगत होते. आणि तसे ते विशेषण साधे नव्हतेच. शिळेवाडीत भंगलेले काही देवापुढे ठेवत नाहीत. मूर्तीचे बोट दुखावले तर मूर्ती नदीत जाते. ताटाचा काठ पिचला तर ताट आरतीतून उठते. देवापुढे जे ठेवायचे ते पुरते ठेवायचे.

म्हणून चांगुणा वर बघत नसे.

चांगुणा रंभाजींची बायको. मागे एका वर्षी गौरी बोळवून झाल्यावर ती दगडावरचे कुंकू पुसत होती. हातातली बांगडी लागली. टिक्, असा अगदी नखाएवढा आवाज झाला, आणि डाव्या अंगाची कळी पाटावर निजली. चांगुणाने आधी दार लावून घेतले. मग फळीवरचा चपलांना लावायचा डिंक काढला, कळी जागच्या जागी टेकवली, आणि बोटाने दाबून धरून ती तशीच बसून राहिली; आई तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवून बसते तशी. कळी चिकटली. बाहेरून काही म्हणजे काही दिसेना. दिसत होते ते फक्त तिला.

त्यानंतरच्या प्रत्येक भाद्रपदात तिने गौरीला नैवेद्य दाखवला, ओटी भरली, वाकून नमस्कार केला. पण मुखवट्याशी नजर मिळवली नाही. बायका कळीची तारीफ करू लागल्या की तिला नेमके स्वयंपाकघरात काहीतरी आठवे. ओसरीवरून तो शब्द आला, अखंड, की पाण्याचा तांब्या तिच्या हातात जड होई. नवरा किती विश्वासाने सांगतोय! आणि तो विश्वास मी चपलेच्या डिंकाने जोडलाय. लाजेला उतार पडत नाही. ती वर्षावर वर्ष व्याजासारखी चढत जाते.

यंदा तालुक्याच्या कॉलेजाने तिथल्याच शाळेच्या इमारतीत दगडांचे प्रदर्शन मांडले. भूगर्भशास्त्राच्या साळवेमॅडम स्वतः शिळेवाडीला येऊन सांगून गेल्या, की एक अतिनील दिवा आणलाय, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा. त्याखाली काही दगड स्वतःच्या रंगाने उजळतात, तुमचाही बघू या.

रंभाजी दोन दिवस जमिनीवर नव्हते. "बघ तू, माझ्या दगडापुढं बाकीचे काजवे ठरतील."

"नेऊ नका म्हणते मी," चांगुणा म्हणाली. "धक्के लागतील वाटेत."

"अगं, धरणीच्या पोटात भूकंप पचवलेत त्यानं. टेम्पोला भिणार होय?"

"भीती टेम्पोची नाही, तुमच्या ड्रायव्हरची आहे."

ते हसले. तीही हसली. मग गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून, तिनेच तो दगड तालुक्याला नेला.

प्रयोगशाळेच्या खिडक्यांना घोंगड्या टांगून भर दुपारी काळोख केलेला. बाहेर पांढरे ऊन, आत काळे मखमली जल. आणि त्या जलात खांद्याला खांदा लावून उभी शिळेवाडी. पुरुष एका अंगाला, बायका एका अंगाला. कोण कुठे आहे ते खोकल्यावरून ओळखायचे.

दिवा लागला. उजेड असा पडलाच नाही. काळोखाला जांभळी झाक तेवढी आली. आणि मेजावरचे दगड, मघाशी खडीच्या ढिगातून उचलल्यासारखे दिसणारे दगड, एकेक करून बोलू लागले. कॅल्साइट लाजल्यासारखा गुलाबी झाला. एक मळकट अकीक पोपटी पेटला. माणकाचा कच्चा खडा, वाटाण्याएवढा, फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखा लाललाल रसरसला.

दगडच कशाला! पुरुषांच्या धुतलेल्या टोप्या निळ्याशार तरंगू लागल्या, खाली माणसे नसल्यागत. हसणाऱ्यांचे दात चमकू लागले. तात्या भोर मोठ्याने हसले आणि त्यांच्या तोंडात पुढच्या दोन दातांच्या जागी दोन काळ्या खिडक्या दिसल्या.

"तात्या, तुमचे दोन कुठं गेले हो?"

"खोट्या दातांना ही चमक नसते," मॅडम बोलून गेल्या.

"खोटे?" बायकांतून आवाज आला. "आम्हाला तर म्हणाले होते, या वयातही ऊस सोलतो!"

हास्याचा फवारा उडाला. तात्यांनी तोंड मिटले ते उघडले नाही. काळोखात सगळ्यांत मोठे हसले रंभाजी. दुसऱ्याचे उघडे पडलेले पाहून माणसाला जी ऊब मिळते, ती कुठल्या शेकोटीला नाही.

"आता आमची कळी," ते म्हणाले. "ठेवा मॅडम दिव्याखाली. अखंड आहे बरं का, जपून."

दगड दिव्याखाली आला.

दगड मुका राहिला. मोतिया पाकळ्या नाहीत, हिरव्या कळ्या नाहीत. नुसता एक काळसर, ओळख न देणारा आकार. इतक्या वर्षांची समई, आणि वातीचा पत्ता नाही. त्या मुक्या काळसरपणात दोनच गोष्टी उजळल्या. डावीकडे खाली एक पिवळट, ओघळलेली, थरथरत्या हाताने ओढावी तशी रेघ. आणि वर, मधल्या उंच कळीच्या बुडाशी, निळसर पांढरे, स्वच्छ, सुबक असे एक कडे.

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

"हे काय चमकतंय मॅडम?" कोणीतरी विचारले.

मॅडमनी क्षणभर उत्तर गिळले. मग शिकवायची सवय पुढे सरसावली. "डिंक आहे. सांधलेल्या जागा दिव्यात उजळतात. मोठमोठ्या संग्रहालयांतही असे सांधलेले दगड असतात, त्यात काही—"

"सांधलेला?" ही म्हातारी रखमाक्का, गावात ओटी भरायचा पहिला मान जिचा. "म्हणजे फुटलेला? गौरीपुढं?"

चांगुणाला पिवळी रेघ दिसली आणि पायाखालची फरशी निघून गेली. आता नवरा विचारील, कोणी केलं हे? आता काळोख संपेल, आणि सगळ्या बायका वळून बघतील. तिने पदर ओढून घेतला, आणि तेव्हा, पदराच्या काठावरून, तिला ते दुसरे दिसले. निळसर. सुबक. तिचे नसलेले.

तिने पुरुषांच्या बाजूला पाहिले. तरंगणाऱ्या टोप्यांतली एक टोपी हळूच खाली उतरली. कोणीतरी ती डोक्यावरून काढली होती आणि काखेत दडवली होती. तिथे, जिथे रंभाजी उभे होते, आता नुसता काळोख होता.

तिला कळले. दोन नळ्यांतला डिंक कालवून सांधे बुजवायचा तो सफाईदार हात तिने मोटरीच्या पाइपांवर जन्मभर पाहिला होता. कळले, आणि आश्चर्य असे की राग आला नाही. आली ती लाजच. पण आता ती एकटीची नव्हती, आणि दुसऱ्याच्या अंगावर तीच लाज पाहणे तिला स्वतःच्या लाजेहून अवघड गेले.

"रंभाजी, हो, काय म्हणतात मॅडम?" तात्या भोरांना पुन्हा वाचा फुटली. "अखंड ना?"

काळोखातून उत्तर आले नाही.

"माझ्या हातून फुटला," चांगुणा म्हणाली. "पुसताना. दोन्ही सांधे माझेच. एकदा फुटला, परत फुटला. ह्यांना माहीत नाही."

एक श्वास गेला. दुसरा गेला. रंभाजींना बोलायला एवढी जागा पुरे होती. एक शब्द, नाही. एक शब्द, माझा. ते बोलले नाहीत. खोल विहिरीत सुरुंगाची वात पेटवून वर धावत येणारा तो माणूस, त्या काळोखात, दोन श्वासांच्या पायरीवर, जागच्या जागी बसला.

मॅडमनी दिवा मालवला. घोंगड्या सरल्या. ऊन आत आले आणि दगड पुन्हा मोतिया, पुन्हा हिरवा, पुन्हा निष्पाप.

पटांगणात चहा होता. बायका चिंचेखाली बसल्या. चांगुणा बसायला गेली तशी जागा झाली, पण जरा जास्तच झाली. रखमाक्का तिच्याकडे न बघता म्हणाली, "सांगायचं होतंस गं. नदीला नेऊन सोडला असता. इतक्या वर्षांच्या अक्षता आमच्या." आवाजात राग नव्हता. दुखावलेपण होते, आणि ते रागाहून खाली जाते.

चांगुणा कपाकडे बघत राहिली. चहावर साय धरली.

पुरुषांच्या घोळक्यातून रंभाजी उठले. टोपी अजून हातातच. ते पटांगण ओलांडून बायकांच्या चिंचेपाशी आले; आयुष्यात पहिल्यांदाच असे आले. उन्हाकडे तोंड करून, घसा खाकरून, ते म्हणाले, "वरचा सांधा माझा आहे. मधली कळी मी फोडली. हिला ठाऊकसुद्धा नव्हतं."

रखमाक्काच्या डोळ्यांत हळूहळू पाणी भरले. "बघा गं," ती बायकांना म्हणाली, "बायकोची अब्रू अशी झाकतात. असा दादला मिळायला पुण्य लागतं."

"नाही अक्का, खरंच माझा—"

"असू दे बाबा, असू दे. कळतं आम्हाला."

मागून तात्या आले. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "मानलं रंभाजी. बोललो ते विसरा."

खरे बोलून माणूस मोकळा होतो, असा समज आहे. रंभाजी खरे बोलले आणि थोर ठरले. जितके सांगावे तितके थोर. इतका स्वस्त मोठेपणा त्यांच्या पदरात आजवर कधी पडला नव्हता. आणि तो नाकारायला निघावे तर प्रत्येक नकाराबरोबर त्यात भरच पडत होती. ते तिथेच उभे राहिले, कौतुकाच्या मधोमध, चेहरा तापलेला, हातातली टोपी चुरगळत. त्या सगळ्या गर्दीत त्यांच्यावर विश्वास ठेवणारी एकच बाई होती, आणि ती कपाकडे बघत होती.

परतीला टेम्पोच्या हौद्यात दोघेच. मध्ये गोधडी, गोधडीत दगड. रस्ता खडीचा.

"जपून पूस, जपून पूस म्हणायचात," चांगुणा म्हणाली. "दरसाल."

रंभाजींनी गोधडीचे टोक आत खोचले.

"कधी फुटला?"

"वर घेतानाच. पाटी कठड्याला घासली. पोकळीतून उचलला तेव्हा होता अखंड; तेवढं खोटं नाही. कळी खिशात घातली, म्हटलं संध्याकाळी सांगू. तर तू काठावर उभी. नवी नवरी. दगड बघून अशी हसलीस... त्याआधी आमच्या घरात तू हसली नव्हतीस."

हसली तेव्हा कळी त्यांच्या खिशात होती. चांगुणा बाहेर बघत राहिली. उतरते ऊन कापलेल्या कातळावर तांबूस झाले होते, आणि कातळाच्या पोटातल्या, अजून कोणी न उघडलेल्या पोकळ्यांत, असंख्य कळ्या आपापल्या काळोखात ताठ उभ्या असतील.

"मघाशी," रंभाजी म्हणाले, "आत... मला बोलता आलं नाही."

"ऐकलं मी," ती म्हणाली.

टेम्पो खड्ड्यात आदळला. गोधडी उसळली. चांगुणाचा हात झटकन दगडावर गेला. खाली, अंधारात, दुसरा हात आधीच पोचलेला होता. कोणी कोणाकडे पाहिले नाही. कोणी हात काढला नाही. गोधडीखाली दगड गार, दगडावर दोन हात ऊन ऊन, आणि माना दोघांच्याही खाली, खाली, शिळेवाडी येईपर्यंत खाली.