बिघाड, जास्तीत जास्त पाच

रुग्णालयाच्या संगणक विभागात दोघं एकाच घरातले होते: वहिनी आणि त्यांचा धाकटा दीर. तो त्यांना वहिनी म्हणे, त्या त्याला भाऊजी म्हणत. त्यामुळे सगळा विभागही त्यांना याच नावांनी ओळखू लागला. विभागप्रमुखसुद्धा बैठकीत "वहिनी, जरा बघा" असं म्हणून जात.

दोघंही नेटवर्किंगच्या वरच्या पातळीच्या परीक्षेची तयारी करत होते. रुग्णालय एकाच माणसाला परीक्षेला पाठवणार होतं. जो पास होईल त्याच्याकडे नव्या इमारतीचं अख्खं नेटवर्क उभारायचं काम येणार होतं. भाऊजींना ते काम हवं होतं. वहिनींना मात्र त्याहून जास्त एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे फोनपासून सुटका. कित्येक वर्षं त्या मदतकक्षात बसून प्रत्येक वॉर्डाला सांगत आल्या होत्या, "एकदा बंद करून चालू करा." झोपेतही हेच बोलतात, अशी त्यांच्या नवऱ्याची तक्रार होती.

प्रशिक्षण जुन्या एक्स-रे विभागाच्या खोलीत चाले. भिंतीला दोन रॅक होते. प्रत्येकात तीन राउटर, दोन स्विच आणि पंख्यांची अखंड घरघर. शिकवणाऱ्या सरांनी शेवटच्या दिवशी दोघांची लढत ठेवली.

"आधी एकमेकांच्या रॅकमध्ये बिघाड करायचे," सर म्हणाले. "जास्तीत जास्त पाच. मग चहा. मग आपापलं नेटवर्क दुरुस्त करायचं, तेही खुर्चीतूनच. रॅकला हात लावायचा नाही. खरी इमारत दोन किलोमीटरवर असते, तिथं तुम्ही पळत जाणार नाही. घंटा होईल तेव्हा ज्याचं नेटवर्क चालू, तो परीक्षेला जाईल. दोघांचंही चालू असेल, तर ज्याचं आधी चालू झालं तो. आणि घंटेआधी बिघाडांबद्दल एक शब्द नाही."

"वहिनी, दया करा हं," भाऊजी म्हणाले.

"दया घरी. इथे नाही."

वहिनींनी जीव ओतून पाच बिघाड पेरले. एक पोर्ट बंद केला, एक पत्ता बदलला, एक मार्ग चुकीच्या दिशेला वळवला. उरलेले दोन तर इतके खोल पुरले की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. शेवटी त्यांना आठवलं, की आपण काय काय बदललं याची नोंद राउटरच्या स्मरणात राहते आणि भाऊजी सगळ्यात आधी तीच बघणार. म्हणून माग पुसायला त्यांनी तिन्ही राउटर बंद करून चालू केले. ते उठत असतानाच वेळ संपली आणि चहा आला.

चहानंतर दोघं पाठीला पाठ लावून बसले. वहिनींनी स्वतःचं नेटवर्क तपासलं. ते ठार बंद होतं. भाऊजींनी कसर ठेवली नव्हती. पहिले दोन बिघाड लगेच सापडले, तिसऱ्याने घाम काढला. तेवढ्यात मागून पुटपुटणं ऐकू आलं.

"पिंग जातंय? या टोकाहून त्या टोकाला निरोप पोचतोय? म्हणजे वहिनींनी काहीतरी भयंकर केलंय."

वहिनींची बोटं थबकली. पिंग जायला नको होतं. आणि मग लख्ख उजेड पडला. बदल सेव्ह न करता राउटर बंद-चालू केला की तो सगळं विसरून जुन्या अवस्थेत उठतो. पायाचे ठसे पुसता पुसता चोराने चोरीचा मालही जागच्या जागी ठेवला होता.

त्यांनी हात वर केला. "सर, एक सांगायचं होतं..."

सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

मागे भाऊजी धडधाकट नेटवर्कमध्ये रोग शोधत होते. एक मार्ग बदलून पाहिला, परत केला. "खोल आहे, फार खोल आहे," ते स्वतःशी म्हणत होते. अखेर त्यांनी लांबच्या राउटरवर नवा पहारा बसवला, कोणाला आत सोडायचं याचा नियम. अशा नियमाच्या शेवटी 'बाकी सगळ्यांना बंदी' हे न लिहिताही असतंच. आणि भाऊजींनी आत सोडायच्या यादीत स्वतःलाच घेतलं नव्हतं. पडदा गोठला आणि पिंगही बंद पडलं.

"अरेच्चा," भाऊजी म्हणाले. नियम काढायला आता त्या राउटरपाशीच जावं लागणार होतं, आणि रॅकला हात लावायला बंदी होती.

वहिनी पाचव्या बिघाडाशी झुंजत होत्या. दोन शेजारी राउटर एकमेकांना ओळख देत नव्हते. एक दहा सेकंदांनी हाक मारत होता, दुसरा तीस. दोघांची हाक जुळवली आणि नेटवर्क उभं राहिलं. पाठोपाठ घंटा झाली.

"वहिनी, काय पेरलं होतं एवढं?" भाऊजींनी वळून विचारलं.

"काही नाही हो. सेव्ह करायला विसरले."

"म्हणजे मी तासभर..."

"धडधाकट माणसाचं ऑपरेशन केलंस," सर म्हणाले, "आणि पेशंट दगावला. घंटेपर्यंत नुसता हाताची घडी घालून बसला असतास, तरी जिंकला असतास."

"पण ही लढत झाली का, सर?" वहिनी म्हणाल्या. "चूक माझी. मला जागा अशी नको. पुन्हा घ्या."

सरांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी दोन्ही हातांनी डोकं खाजवलं आणि ते खो खो हसत सुटले.

"पुन्हा कशाला? माझे पाचही त्यांनी काढले. मला काढायला एकही नव्हता, तरी जमलं नाही. त्यांचंच नाव लिहा."

सरांनी फळ्यावर वहिनींचं नाव लिहिलं. वहिनींनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि ते पुन्हा वाचलं.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "कोण जिंकलं?"

"वहिनी," भाऊजी बूट काढत म्हणाले. "आज एकूण सहा बिघाड झाले, आई. सहाही तुझ्या लेकाचे."

"मग परीक्षा होईपर्यंत संध्याकाळचा स्वयंपाक लेकाकडे," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू गं, हात धुऊन आधी पुस्तकाला बस."

वहिनी जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडून बसल्या. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून हाक आली, "वहिनी, मीठ किती?"

"भाऊजी, मदतकक्ष बंद झालाय," म्हणत त्यांनी पान उलटलं.